जुनी स्पोर्टी गाडी घरच्या पोर्चमध्ये : दुरुस्तीपासून बदलांपर्यंत, क्रमाने

माझ्याकडे २००२ सालची फियाट पॅलिओ १.६ आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १५९६ सीसीचे सोळा व्हॉल्वचे इंजिन आणि सुमारे १०० अश्वशक्ती असलेली ही गाडी कागदोपत्री हॅचबॅक असली, तरी त्या काळी पगारदार माणसाच्या आवाक्यातली स्पोर्ट्स कार म्हणजे हीच, नाहीतर होंडा सिटीची १.५ व्हीटेक, मित्सुबिशी लान्सर किंवा फोर्ड आयकॉन १.६. गोव्यात तयार झालेली दोन आसनांची सॅन स्टॉर्म ही खऱ्या अर्थाने उघड्या टपाची स्पोर्ट्स कार होती. परंतु ती इतकी विरळ आहे की तिच्या सुट्या भागांच्या शोधावर वेगळा लेख लिहावा लागेल.

गेली सहा वर्षे नेरुळमधल्या आमच्या रो हाऊसच्या पोर्चमध्ये मी या गाडीवर सुट्टीच्या दिवशी काम करतो. मी मेकॅनिक नाही, बेलापूरच्या एका ऑफिसात बसून काम करणारा माणूस आहे, आणि पहिल्या दीड वर्षात मी जवळपास प्रत्येक गोष्ट उलट्या क्रमाने केली. आधी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, मग अलॉय व्हील घेतली, आणि मग एका मे महिन्यात ऐरोली पुलावरच्या गर्दीत बॉनेटमधून वाफ निघाल्यावर कळले की रेडिएटरचा पंखा कित्येक महिने फिरतच नव्हता. म्हणून या लेखात मी कामांइतकेच त्यांच्या क्रमाला महत्त्व दिले आहे. गाडीने आधी थंड राहावे, मग नीट थांबावे, मग रस्ता धरावा आणि सर्वांत शेवटी जोरात पळावे.

१. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी कागद तपासा

जुन्या गाडीत इंजिन दुरुस्त होते, पण कागद बिघडलेले असतील तर ते काम तुमच्या पान्याने होत नाही. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे २००२ची गाडी २०१७ आणि २०२२ अशी दोन वेळा नूतनीकरणातून गेलेली असली पाहिजे. विक्रेता जर ‘आरसी संपली आहे, पण एजंट करून देईल’ असे म्हणाला, तर ते काम त्याच्याकडून पूर्ण करून घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नूतनीकरणासाठी गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे बंद पडलेल्या गाडीचे नूतनीकरण कागदावर होईल या आशेवर राहू नये. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा असतो आणि तो मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो. १५ वर्षांपुढच्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क १ एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढले. त्याशिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. हा सगळा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच घासाघीस करा.

तपासायचे कागद असे:

- आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड, आणि त्यावरचा चेसिस व इंजिन क्रमांक. हे दोन्ही क्रमांक गाडीवर स्वतः वाचून जुळवावेत. विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोवर भागवू नये.
- चालू विमा आणि पीयूसी. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या गाड्यांना पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते.
- हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०, आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर नमुना २८ची एनओसी. ठाण्याची एमएच-०४ गाडी नवी मुंबईच्या एमएच-४३ हद्दीत राहणाऱ्या माणसाने घेतली, तरी हा प्रश्न येतो.
- कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ आणि बँकेचे पत्र.
- थकलेली ई-चलने आणि एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षेची नंबर प्लेट.

यातल्या बोज्याने मला चार महिने छळले. पहिल्या मालकाचे कर्ज कधीच फिटले होते, परंतु आरसीवरचा बोजा कोणी उतरवलाच नव्हता आणि कर्ज देणारी बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. पत्र कोणी द्यायचे, यावरच दोन शाखांमध्ये माझ्या फेऱ्या झाल्या.

दिल्लीची स्वस्त गाडी आणण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने आहेत. एनओसी, इथला रस्ता कर आणि वाहतूक धरून हिशेब मांडला, की स्वस्ताई फारशी उरत नाही.

२. कायद्यात काय बसते, ते आधी वाचा

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि आरसीत नोंदवलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की मोठे इंजिन बसवणे, छत कापणे, बॉडीची रुंदी वाढवणे या गोष्टी डोक्यातून काढून टाकाव्यात. रंग आरसीत नोंदवलेला असल्यामुळे तो बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करून घ्यावी. इंजिन बदलणे अपरिहार्य झाले तर परवानगी आधी, काम नंतर.

जीर्ण झालेला भाग त्याच मापाच्या आणि चांगल्या दर्जाच्या भागाने बदलणे, उत्तम ब्रेक पॅड, ताजे शॉकअब्सॉर्बर, योग्य मापाचे टायर, नीट बसवलेले वायरिंग ही सगळी कामे मात्र देखभालीत मोडतात, आणि जुन्या गाडीच्या स्वभावात सर्वांत मोठा फरक याच कामांनी पडतो. माझा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आता माळ्यावर आहे. तो काढला तेव्हा शेजारच्या काकूंनी कधी नव्हे ती आमच्याकडे अळूवडी पाठवली.

विमा कंपनीला बदल लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी कंपनीला सापडला, तर दावा अडण्याचे ते सोपे कारण ठरते.

३. जागा : पोर्च, पार्किंग आणि गाडी उचलणे

रो हाऊस असेल तर तुम्ही सुदैवी आहात. ठाण्यात किंवा वाशीत सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये काम करायचे असेल, तर समितीच्या सचिवांना आधी भेटून लेखी परवानगी घ्या, जमिनीवर तेल सांडणार नाही याची हमी द्या, आणि आवाजाची कामे दुपारच्या झोपेच्या वेळेत करू नका. तिथे फक्त किरकोळ कामे ठरवावीत. सुटी केलेली गाडी आठवडाभर जॅक स्टँडवर उभी राहिली, की तक्रार होतेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नका. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, पेलण्याचे नव्हे. गाडी पेलण्यासाठी जॅक स्टँड लागतात, ज्यांना गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, आणि ते जोडीने वापरतात. आपल्याकडच्या पोर्चना पावसाचे पाणी गेटकडे जावे म्हणून उतार दिलेला असतो, जो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माझी गाडी पुढून उचलताना ट्रॉली जॅकची चाके उताराच्या दिशेने सरकली, गाडी हातभर मागे गेली आणि बंपर तुळशीवृंदावनाला टेकला. घोडी अजून लावायची होती आणि मी खाली नव्हतो, एवढेच त्यातले भाग्य. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की तो काही धरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून क्रम असा पाळा:

- गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांच्या पुढे आणि मागे लाकडी ठोकळे ठोका.
- पोर्चमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीखाली १८ मिलिमीटरचा प्लायवूडचा तुकडा घाला, अन्यथा घोडीचा एक पाय दोन ब्लॉकच्या फटीत रुततो.
- मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक आणि घोडी लावा. दारांखालच्या पत्र्यावर कुठेही लावल्यास जुना पत्रा आत दबतो.
- घोडीवर टेकवल्यावर गाडी हाताने जोर लावून हलवून पाहा. हलायची असेल तर ती तुम्ही बाहेर असतानाच हलू द्या.

एबीसी पावडरचा अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा, पण गाडीच्या अगदी जवळ नको. आग लागली तर तो उचलायला आगीकडे जावे लागू नये.

४. हत्यारे : थोडी, पण खरी

एकदम मोठा संच घेऊ नका. ८ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, अर्धा इंची आणि पाव इंची गोटी (सॉकेट) सेट, बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच, दोन टनांचा ट्रॉली जॅक, घोड्यांची जोडी, मल्टिमीटर, ब्रेकच्या नळ्यांसाठी फ्लेअर नट पाना आणि डोक्याला लावायचा दिवा, एवढ्यावर पहिले वर्ष निघते. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटला एक शनिवार काढला तर हे सगळे एका गल्लीत मिळते आणि हातात घेऊन पाहता येते. बारा टोकांच्या गोटीऐवजी सहा टोकांची गोटी घ्यावी. वीस वर्षे गंजलेल्या बोल्टची टोके बारा टोकांच्या गोटीने गोल होतात, आणि गोल झालेला बोल्ट काढण्यात एक अख्खा रविवार जातो.

खाडीच्या दमट, खाऱ्या हवेमुळे आपल्याकडचे बोल्ट विशेष हट्टी असतात. काम करायच्या आदल्या रात्री आणि सकाळी असे दोनदा गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. तरीही बोल्ट तुटलाच, तर रबाळे, महापे, पावणे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथचे काम करणारे कारागीर तो काढून आटे नव्याने पाडून देतात. सुटा भाग घेऊन जावे. गाडी घेऊन गेल्यास ते तुम्हाला गॅरेजचा रस्ता दाखवतील.

काढलेले बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवा आणि झाकणावर मार्करने लिहा : ‘डावा कॅलिपर’, ‘एअर फिल्टर बॉक्स’. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोनवर फोटो घ्या. डब्यांचे हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु दोन आठवड्यांनी जोडणी करताना स्मरणशक्तीवर विसंबणारा माणूस हमखास एखादा बोल्ट उरवून बसतो.

५. पहिले काम : जुने द्रव आणि जुने रबर

गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा ती किती वर्षांची आहे, हे रबराला अधिक कळते. रेडिएटरच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि इंजिन माउंटिंग यांना बोटांनी दाबून पाहा. दाबल्यावर चिरा उघडल्या किंवा रबर मेणासारखे मऊ लागले, तर ती नळी बदलायची आहे.

पेट्रोलच्या नळ्यांचे काम आता टाळण्याजोगे राहिलेले नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ई२० सोसणाऱ्या साहित्याच्या गाड्या आपल्याकडे सरसकट एप्रिल २०२३पासून तयार होऊ लागल्या. २००२ साली बसवलेल्या नळीचा या हिशेबात विचारच नव्हता. इंधन इंजेक्शनच्या नळीत साधारण तीन बार दाब असतो, त्यामुळे तिथे साधी पेट्रोल पाईप चालत नाही. एसएई जे३० आर९ असे छापलेली इंजेक्शनची नळी मागून घ्या आणि छाप स्वतः वाचा. क्लिपही इंजेक्शनच्याच, गोल काठाच्या घ्याव्यात, कारण स्क्रूच्या साध्या क्लिपचे दात रबरात रुततात. काम सुरू करण्यापूर्वी इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे नळीतला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि हे काम उघड्यावरच करा. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवते, म्हणून इंधन फिल्टर आता एकदा आणि दोन-तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलावा.

कूलिंगचे काम याच टप्प्यात करा. नळाचे पाणी कधीही घालू नका. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्यावे. रेडिएटरचे झाकण किरकोळ वाटते, पण ते दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या बरेच वर जाऊन उकळते. झाकणाचे रबर गेले की तेच इंजिन ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रांगेत उकळते. नवे कूलंट भरल्यावर हीटर पूर्ण उघडून, हवा काढायचे स्क्रू सैल करून, इंजिन तापेपर्यंत थांबा आणि पंखा स्वतः सुरू झालेला डोळ्यांनी पाहा. पंखा सुरू झाला नाही तर थर्मोस्विचच्या, म्हणजे कूलंट तापल्यावर पंखा चालू करणाऱ्या स्विचच्या, दोन तारा एकमेकींना जोडून पाहा. पंखा फिरला तर दोष स्विचचा आहे, नाही फिरला तर फ्यूज, रिले किंवा मोटरचा. माझ्या गाडीत तो स्विचच होता, आणि स्वतः चालू-बंद करायचा पंख्याचा स्विच डॅशबोर्डवर बसवून देण्याचा एका गॅरेजचा सल्ला मी वेळीच नाकारला.

काढलेले इंजिन ऑइल गटारात ओतू नका. आपल्याकडची गटारे खाडीला मिळतात, आणि ठाणे खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे. दहा लिटरच्या कॅनमध्ये साठवून, जळके तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे.

६. ब्रेक

ब्रेक ऑइल या नावावर जाऊ नका. ते ग्लायकॉलवर आधारित द्रव असते आणि त्यात चुकून जरी खनिज तेल गेले, तरी सगळी रबरी सिले फुगून निकामी होतात. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषते. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, आणि पाणी मुरल्यावर मोजलेला तोच आकडा १५५ अंश. नवी मुंबईच्या हवेत पाणी मुरायला वेळ लागत नाही. घाटात उतरताना पेडल अचानक मऊ पडते ते यामुळे. दर दोन वर्षांनी द्रव बदला आणि उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात. आमच्याकडे पेडलवर माझे वडील असतात. मी चाकापाशी पारदर्शक नळी आणि बाटली घेऊन बसतो आणि ओरडतो, “बाबा, दाबा.” ते दाबतात. मी निपल, म्हणजे चाकापाशी असलेला हवा काढायचा स्क्रू, पाव वळसा सैल करतो, नळीतून चहाच्या रंगाचे द्रव आणि बुडबुडे येतात, मी निपल आवळतो आणि मग सांगतो, “आता सोडा.” एकदा त्यांनी “सोडू का?” असे विचारले, मी कामाच्या नादात “हं” म्हणालो, आणि निपल उघडे असताना पेडल वर आले. हवा परत आत गेली आणि ते चाक पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. तेव्हापासून आमच्यात नियम आहे की पेडलवरच्या माणसाने प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणायचा.

यात दोन सापळे आहेत. पहिला सगळ्यांना माहीत असतो: ब्रेक द्रवाची वरची टाकी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. दुसरा फारसे कोणी सांगत नाही. रोजच्या वापरात पेडल कधीच तळापर्यंत जात नाही, त्यामुळे पेडलचा जोर द्रवाला देणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरच्या आतला शेवटचा भाग न घासलेला, गंजाचे कण असलेला राहतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले, की सिलाची कड त्या भागावरून घासते आणि फाटते, आणि चांगला चालणारा मास्टर सिलिंडर त्याच संध्याकाळी गळू लागतो. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा.

डिस्क पॅड बदलताना कॅलिपरच्या सरकपिना काढून स्वच्छ कराव्यात आणि त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने स्प्रिंगला टांगावा. मागच्या ड्रमच्या लायनरची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ती ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. काम झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत मारा, आणि पहिली चाचणी गल्लीतच, पायी चालण्याच्या वेगाने घ्या.

७. टायमिंग बेल्ट : हे काम स्वतः करू नका

टायमिंग बेल्ट व्हॉल्व आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवतो. या जातीच्या इंजिनात तो तुटला किंवा दात चुकून बसला, तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावे लागते. व्हॉल्व उघडणारे कॅम जागेवर अडकवून ठेवणारी खास साधने लागतात, ती अनुभवी माणसाकडेच असतात. मात्र बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तुम्ही स्वतः विकत घ्या आणि काम चालू असताना तिथे उभे राहा. माझ्या गाडीबरोबर बेल्ट बदलल्याचे बिल आले होते. कव्हर उघडले तेव्हा आत तडे गेलेला जुनाच बेल्ट निघाला.

८. सस्पेन्शन, चाके आणि टायर

पुढच्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड बदलल्यावर मला जी गाडी मिळाली, ती पूर्वी कधी चालवलीच नव्हती असे वाटले. स्प्रिंग दाबून स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांची एकत्र जोडणी) उघडण्याचे काम मात्र धोक्याचे आहे. स्ट्रट काढून गॅरेजला न्या आणि तिथल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरवर शॉकअब्सॉर्बर बदलून घ्या.

बुशच्या बाबतीत एक बारकावा आहे. बोल्ट हवेत लटकत्या चाकावर पूर्ण आवळू नयेत. रबरी बुश आवळताना ज्या स्थितीत असते, तीच त्याची विश्रांतीची स्थिती ठरते; हवेत आवळून गाडी खाली सोडली की ते कायम पिळलेले राहते आणि सहा महिन्यांत फाटते. गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर शेवटचा टॉर्क द्यावा आणि मग अलाइनमेंट करून घ्यावे.

गाडी खाली बसवणारे स्प्रिंग घेण्याचा विचार असेल, तर आधी जुलैत घोडबंदर रस्त्यावरून एक फेरी मारून या.

अलॉय व्हीलच्या बाबतीत फियाटवाल्यांची हमखास फसवणूक होते. पॅलिओचे बोल्ट ९८ मिलिमीटरच्या वर्तुळावर चार आहेत, तर बाजारातली बहुतेक चार बोल्टची चाके १०० मिलिमीटरची असतात. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, बोल्ट जोर लावून जातात, आणि दुकानदार ‘बसते साहेब’ म्हणतो. पण बोल्ट तिरके बसतात, चाक मध्यावर राहत नाही, ८० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि कालांतराने बोल्ट सैल होतात. मधल्या भोकाचे माप ५८.१ मिलिमीटर आहे, तेही जुळले पाहिजे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून चाके घेताना व्हर्नियर (बारीक माप मोजायचे साधन) खिशात घेऊन जा. इतर गाड्यांची मापे वेगळी आहेत, पण मोजण्याचा नियम तोच.

टायरचे माप बदलायचे असेल तर एकूण व्यास तीन टक्क्यांच्या आत ठेवा. उदाहरणार्थ, १७५/६५ आर१४ या टायरचा व्यास ५८३ मिलिमीटर येतो आणि १९५/५० आर१५चा ५७६ मिलिमीटर. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणून तो स्पीडोमीटरला आणि मडगार्डला चालतो. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर पावसात दगा देतो.

९. वायरिंग

जुन्या गाडीतले निम्मे ‘इंजिनचे’ आजार अर्थिंगचे असतात. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या तारांची टोके काढून, पॉलिश पेपरने घासून, व्हॅसलीन लावून परत बसवा. हे काम तासाभराचे आहे आणि बिनपैशाचे आहे. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

हेडलाइट मंद वाटतात म्हणून १०० वॉटचे बल्ब घालू नका. ६० वॉटचे दोन बल्ब मिळून १० अँपिअर ओढतात आणि १०० वॉटचे दोन बल्ब जवळपास १७ अँपिअर. मूळ तारा आणि स्विच त्यासाठी बनलेले नाहीत, आणि नियमातही ते बसत नाहीत. योग्य मार्ग म्हणजे मूळ वॉटचेच बल्ब ठेवून बॅटरीपासून रिलेमार्गे जाड तार देणे आणि त्या तारेत बॅटरीजवळ फ्यूज बसवणे. जोड चिकटपट्टीने गुंडाळू नका. क्रिम्प किंवा सोल्डर करून हीट श्रिंक चढवा.

१०. आता इंजिनातले बदल

इथवर आलेल्या बहुतेकांना या टप्प्याची घाई उरत नाही. प्लग, प्लगच्या एचटी तारा, स्वच्छ थ्रॉटल बॉडी आणि नवा ऑक्सिजन सेन्सर एवढ्यानेच हरवलेली ताकद बऱ्याच अंशी परत येते. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि गरम हवेत ऑक्सिजन कमी असतो. मूळ फिल्टरचा डबा बाहेरची थंड हवा घेतो, म्हणून आवाज वाढला तरी ताकद वाढलीच असे होत नाही. जो मूळ भाग काढाल, तो फेकू नका. नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी मूळ रूपात न्यावी लागते, आणि हे भाग पुन्हा मिळतीलच असे नाही.

११. पावसाळ्याची तयारी

मोठी कामे ऑक्टोबर ते मे या काळातच आखा. जूनपूर्वी टाकी भरून ठेवा, कारण रिकाम्या टाकीतल्या ओल्या हवेतले पाणी इथेनॉल शोषून घेते आणि ते जास्त झाले की पेट्रोलखाली वेगळा थर बसतो. गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून ठोकळे लावा. ओढलेल्या स्थितीत लायनर ड्रमला चिकटतात. आठवड्यातून एकदा जागेवर इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद करण्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारा, म्हणजे सायलेन्सरमधले पाणी निघून जाईल आणि डिस्कवरचा गंज घासला जाईल.

प्लास्टिकचे आवरण घालू नका, आतून घाम सुटतो. आणि दर फेरीपूर्वी बॉनेट उघडून पाहा. आमच्या सेक्टरमधल्या उंदरांना एअर फिल्टरचा डबा फार आवडतो. गेल्या भाद्रपदात त्यात दुर्वांच्या जुड्या आणि इंजेक्टरच्या तारेचे पिवळे आवरण एकत्र रचलेले सापडले होते.